पाणी तोडलं

ए, ऐक ना. नुसतं ऐक. मधे बोललीस की माझा धागा तुटतो, आणि एकदा तुटला की मी कुठून कुठे जाते तुला माहीतच आहे.

आमची वाडी नदीच्या पात्रात, ते तुला ठाऊक आहे, पण तू उन्हाळ्यात कधी आलेली नाहीस. उन्हाळ्यात नदी म्हणजे पलीकडच्या काठाला चिकटलेली एक रेघ असते. बाकी सगळी वाळू. वाळूत आळी, आळ्यांत वेल, वेलांना कलिंगडं, आणि मधोमध आमची झोपडी. दुपारी अख्खं पात्र हलायला लागतं. लांबून माणूस येत असला ना, तर त्याचे पाय दिसतच नाहीत. नुसता कमरेपासून वर तरंगत येतो. दादा असा यायचा. दोन्ही हातांत दोन डबे, खाली पाय नाहीत. वाळूत आम्ही झिरा खणतो, म्हणजे खड्डाच गं, खालून पाणी पाझरतं तो. तो दर आठवड्याला खोल जातो. त्या वर्षी तर इतका खोल गेला की दादा आत उतरला की त्याचा फक्त आवाज राहायचा वर. मी डबा सोडायचे, आणि खालून आवाज यायचा, "चिमणे, बडबड कमी, दोरी घट्ट धर."

तर त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे लिंबू होता. माझा भाचा. दादा-वहिनीचा पहिला. जन्मला तेव्हा डोकं मोठं आणि तोंड एवढंसं, लिंबाएवढं, म्हणून आई म्हणाली लिंबू, आणि तेच चिकटलं. डोकं मोठं म्हणजे हुशार होणार, असं पण आईच म्हणाली. मग आईनं टोपी विणली. ती होईना. उसवली, जरा मोठी विणली. ती पण होईना. लोकर संपली तेव्हा दुसऱ्या रंगाची जोडली. मग तिसऱ्या. त्या टोपीकडे बघितलं की झाडाचं वय खोडातल्या कड्यांवरून कळतं ना, तसं डोकं किती वाढलं ते कळायचं. एक दिवस आईनं सुया गुंडाळून ठेवल्या. काही बोलली नाही. आमची आई, जी कोल्ह्यांशी पण भांडते, ती काही बोलली नाही.

आणि त्याचे डोळे. कसं सांगू तुला. बुबुळं खाली खाली जायची. संध्याकाळी सूर्य अर्धा बुडतो ना पात्रात, तसे अर्धे बुडालेले. वर पांढरं. तो आपल्याकडे बघायला बघायचा, पण त्याचं बघणं आपल्यापर्यंत यायचं नाही, मधेच खाली पडायचं. टाळूवर हात ठेवला की ती वर आलेली, ताणलेली, आणि आत धडधड. वहिनी त्यावर तेल लावायची तेव्हा तिची बोटं अशी, पाण्यावरून फिरवल्यासारखी.

शेजारच्या वाडीतला म्हातारा एकदा झिऱ्यापाशी दादाला म्हणाला, "काय रे, यंदा तुझं सगळ्यात मोठं फळ घरातच धरलंय म्हणे." आणि हसला. दादानं डबा भरला आणि निघाला. पण दुसऱ्या दिवसापासून तो त्या बाजूनं जायचाच बंद झाला. एवढं वजन घेऊन, लांबून वळसा.

मग आम्ही दवाखान्यात गेलो. कलिंगडाच्या टेंपोतूनच, वर बसून. वहिनीनं लिंबूला डोक्यासकट फडक्यात गुंडाळलेलं, उन्हासाठी. म्हणजे उन्हासाठी पण, आणि लोकांसाठी पण. दवाखान्याच्या फाटकावर एक पहारेकरी, मिशीवाला. टेंपोतून उतरताना बघितलं त्यानं आम्हाला, आमच्या पायांना सगळी वाळू, आणि वहिनीच्या हातात ते गोल गाठोडं. म्हणाला, "ओ बाई, फळं आत न्यायची नाहीत. बाहेर ठेवा."

वहिनी थांबली. तिनं हळूच फडकं बाजूला केलं.

गं, तो माणूस! त्यानं फाटक दोन्ही हातांनी उघडलं आणि आम्ही आत जाईपर्यंत तसाच धरून उभा राहिला, मान खाली घालून. मला त्याचा राग यायला हवा होता. आलाच नाही.

आत इतकी माणसं, इतकी पोरं. एका खाटेवर दोन दोन पोरं, आडवी. आणि गंमत काय, प्रत्येकाच्या डोक्याखाली चुंबळ. घागर डोक्यावर घेताना ठेवतो ती चुंबळ! जड डोकी एकाच बाजूला पडून राहिली की कातडी सोलते, म्हणून. एक शिंपीण होती तिथे, तिचा पोरगा महिनाभर तिथेच होता, पाठीवर फुगा घेऊन जन्मलेला. ती बसल्या बसल्या जुन्या चादरींच्या चुंबळी शिवायची, सगळ्या वॉर्डासाठी. तिनं लिंबूचं डोकं नजरेनंच मापलं आणि म्हणाली, "याला रुंद लागेल. बसा, देते करून." जसं काही आम्ही झबलं शिवायला आलोय.

डोक्याचा डॉक्टर त्या दवाखान्याचा नव्हताच. तो फेरीवर यायचा, काही आठवड्यांनी एकदा, आला की चार-पाच दिवस राहायचा, ऑपरेशनं करायचा, जायचा. उंच, बारीक, पुढे वाकलेला, पांढरा कोट. मी बघितलं आणि दादाच्या कानात म्हणाले, "बगळा." दादा म्हणाला, "गप." पण हसला. तेव्हापासून तो आमचा बगळा.

बगळ्यानं आम्हाला एका खोलीत नेलं. डोक्याचा फोटो काढायचं मशीन तिथे नव्हतं, म्हणजे होतं, पण त्यावर चादर टाकलेली होती आणि चादरीवर धूळ होती. त्यानं खिडकीवर घोंगडी लावायला सांगितली. भर दुपारी खोलीत काळोख. मला वहिनीचा श्वास ऐकू येत होता. मग त्यानं एक बॅटरी काढली, साधी बॅटरी गं, आपल्याकडे असते तशी, आणि लिंबूच्या डोक्याला टेकवून लावली.

आणि डोकं पेटलं.

मी खोटं सांगत नाहीये. अख्खं डोकं आतून उजळलं, लाल-गुलाबी, पहाटे ढग असतात तसं. शिरा दिसत होत्या, बारीक, वेलासारख्या. आत काहीतरी हलत होतं, पाण्याची सावली. काळोखात ते एकच होतं, तरंगणारं. वहिनी पुटपुटली, "किती सुंदर दिसतंय." तिला कळलंच नाही आपण काय बोललो. दादानं नकळत हात पुढे केला. मला माहीत आहे तो काय करणार होता. कलिंगड पिकलं का बघायला टिचकी मारतो, तसा हात होता तो. मग त्यानं तो मागे घेतला आणि आपल्याच काखेत दाबून ठेवला.

"हे सगळं पाणी," बगळा म्हणाला. "प्रत्येकाच्या डोक्यात असतं, वाहून जातं. याचं अडकलंय."

घोंगडी काढली, उजेड आला, लिंबू रडायला लागला आणि वहिनी त्याला पाजायला बाहेर घेऊन गेली. हे नीट लक्षात ठेव. वहिनी बाहेर गेली. आत आम्ही दोघंच, दादा आणि मी.

या बगळ्याची एक खोड होती. तो प्रत्येकाशी त्याच्या त्याच्या धंद्यातलं बोलायचा. आमच्या आधी एक लोहार होता, त्याला भात्याचं काहीतरी समजावत होता. शिंपिणीला म्हणे सांगितलेलं, उसवलेली शिवण आतून घालायची आहे. माणसं घाबरतात ना, म्हणून. तर त्यानं दादाला विचारलं, "तुम्ही काय करता?"

"कलिंगडं."

"मग तर सोपं आहे! मला सांगा, फळाला पाणी जास्त झालं तर काय होतं?"

"फुटतं," दादा म्हणाला.

"मग तुम्ही काय करता?"

"पाणी तोडतो."

"बस! तेच करायचंय आपल्याला. आता या फेरीत जागा नाही, पुढच्या फेरीला या, लवकर या, पहिल्या दिवशी." तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि तो लांब ढांगा टाकत गेला. बगळाच.

दादा बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड बघायला हवं होतंस. लिंबू जन्मल्यापासून पहिल्यांदा त्याला कुणीतरी असं काही सांगितलं होतं जे त्याला येत होतं. टेंपोत तो वहिनीला म्हणाला, "अगं, एवढंच आहे. पाणी तोडायचं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या फेरीपर्यंत तेच करायचं."

आता मी तिथे होते की. मी पण तेच ऐकलं होतं. मला पण ते बरोबरच वाटलं, तुला काय वाटलं असतं? आमच्या घरात पाणी तोडणं म्हणजे काय माहीत आहे का? काढणीच्या आधी आठ-दहा दिवस वेलाला पाणी बंद करायचं. वेल जरा कोमेजतो, पानं मलूल पडतात, नवख्या माणसाचा जीव खालीवर होतो, पण तू हात आवरायचास. मग फळात साखर उतरते. जास्त पाणी पाजलं तर फळ एका रात्रीत तडकतं, मधोमध. दादाच्या हाताला ते कळायचं. कुठल्या वेलाचं कधी तोडायचं, हे तो पानाला गाल लावून सांगायचा.

तर वाडीतलं पाणी आणि घरातलं पाणी एकाच आठवड्यात तुटलं.

वहिनीनं सकाळी एक पेला, संध्याकाळी एक पेला. तिचं पाणी कमी तर दुधातलं कमी, दुधातलं कमी तर डोक्यातलं कमी, असा हिशोब. लिंबूला पण दूध-पाणी मोजकंच, निम्मं. तो रडला की दादा त्याला खांद्यावर घेऊन वेलांमधून फिरायचा, "थोडं राहिलं रे, राजा, थोडं राहिलं." आई म्हणाली, "मी एवढी पोरं वाढवली, असलं कधी ऐकलं नाही."

"तुझ्या पोरांची डोकी रिकामी होती, आई," दादा म्हणाला. "डॉक्टरनं सांगितलंय."

"तुझं तरी रिकामंच आहे," आई म्हणाली, पण डॉक्टरनं सांगितलंय म्हटल्यावर ती पण गप्प बसली.

आणि दादानं स्वतःचं पाणी पण तोडलं. हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं. झिऱ्यातून उपसून डबे वर द्यायचा, घामानं निथळायचा आणि ओंजळ तोंडापर्यंत नेऊन सोडून द्यायचा. मी विचारलं, "अरे, तुझं डोकं कुठे फुगलंय?" तर म्हणाला, "पोरगं तहानलेलं असताना घशाखाली उतरत नाही गं, चिमणे."

ते दिवस मला अजून झोपेतल्यासारखे आठवतात. ऊन, वाळू, कोमेजलेली पानं, आणि पानांखाली फळं अशी काळीभोर, तुकतुकीत. सगळेच हळू बोलायचे, कारण ओठ चिकटायचे. वहिनीला दिवसाढवळ्या स्वप्नं पडायची. झोपडीच्या सावलीत बसल्या बसल्या म्हणायची, "वन्सं, नदी आलीय का हो? दाराशी आवाज येतोय." मी बाहेर बघायचे, नदी तिकडे लांब, रेघेसारखी. "नाही गं वहिनी." "आलीय," ती म्हणायची, "उंबऱ्याला लागली." आणि पाय वर घेऊन बसायची. हसायची पण. दोरीवर लिंबूची लंगोटं वाळत घालायचं काम माझं. आधी दोरी भरून जायची. मग निम्मी. मग दोन-तीनच, वाऱ्यावर.

आणि काय झालं माहीत आहे? टाळू उतरली!

खरंच. ताणलेली होती ती मऊ पडली, मग सपाट, मग बोट ठेवलं तर वाटीसारखी आत. वहिनीनं ओरडून सगळ्यांना बोलावलं. आईनं हात लावला, मी लावला. दादानं सगळ्यात शेवटी लावला, एकच बोट, आणि वाळूत खाली बसला. म्हणाला, "उतरलं." त्याच दिवशी त्यानं पहिलं कलिंगड कापलं, लालभडक, आणि आम्हाला सगळ्यांना खायला दिलं. वहिनी पण एक फोड खाणार होती, मग म्हणाली, नको, यात पाणी असतं. लिंबू शांत होता. रडतच नव्हता. आई म्हणाली, "शहाणा झाला बाई."

पुढच्या फेरीला गेलो तेव्हा वहिनीनं फडकं गुंडाळलंच नाही. उघड्या डोक्यानं नेला त्याला. फाटकावरच्या मिशीवाल्याला स्वतःहून म्हणाली, "बघा, बरं आहे आता." त्यानं पण "व्वा, व्वा" केलं.

बगळा ऑपरेशनच्या खोलीत होता. बाहेर एक तरुण डॉक्टर, डोळे सुजलेले, समोर रांग केवढी. त्यानं टाळूवर हात ठेवला आणि चकित झाला. "अरे, हे तर थांबलेलं दिसतंय. कधी कधी थांबतं आपोआप." मागे एक बाई होती, तिच्या पोराला सारख्या उलट्या होत होत्या. तो म्हणाला, "मग आज तुमची जागा यांना देऊ या. तुम्ही पुढच्या फेरीला या."

वहिनी काय हसली गं! मी तिला लग्नानंतर एवढं हसताना बघितलं नव्हतं. म्हणाली, "द्या, द्या, त्यांना द्या!" आणि त्या बाईच्या पाठीवर हात ठेवला.

"घरी काही औषध वगैरे दिलंत?" त्यानं उगीच विचारलं, लिहिता लिहिता.

"नाही हो. तुम्ही सांगितलं तेच. पाणी तोडलं."

"म्हणजे?"

"म्हणजे कमी केलं. त्याचं, माझं. यांनी तर स्वतःचं पण."

त्याचं लिहिणं थांबलं. त्यानं लिंबूच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच राहिली, गं. चिमटीची घडी तशीच उभी राहिली. त्यानं बोट लिंबूच्या तोंडात घातलं, जीभ कोरडी ठाक. मग तो ओरडला, "सिस्टर!"

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. सिस्टर पळतेय, लिंबूच्या पायात सुई जात नाही, शीर सापडत नाही, दुसरा पाय, हात. शिंपीण उठून आपली खाट रिकामी करतेय. बगळा हातमोज्यांसकट बाहेर आला. त्यानं ऐकलं आणि तो इतका चिडला की त्याची मान खरंच बगळ्यासारखी लांब झाली.

"हे पोरगं आज संध्याकाळपर्यंत गेलं असतं! तान्ह्या पोराचं पाणी बंद? कुणी सांगितलं तुम्हाला असलं?"

अख्खा वॉर्ड बघत होता. दादानं तोंड उघडलं. मी त्याच्या बाजूलाच होते. तो बगळ्याकडे बघत होता आणि बगळा त्याच्याकडे, आणि बगळ्याच्या डोळ्यांत काही नव्हतं. आठवतच नव्हतं त्याला. दिवसभरात किती लोहार, किती शिंपिणी, किती कलिंगडवाले. दादानं तोंड मिटलं. मी पण मिटलं. मी! विचार कर.

आता त्या माणसाला तोंडावर कसं म्हणायचं, की तुम्हीच? लिंबू त्याच्याच हातात जाणार होता.

वहिनीनं दादाकडे बघितलं. नुसतं बघितलं. मग फिरून बसली, आणि पुढे तीन दिवस तिनं त्याच्याकडे पाठ केली ती केलीच.

लिंबूला बाटलीतून पाणी जायला लागलं, थेंब थेंब. वहिनीला सिस्टरनं तांब्या भरून दिला, म्हणाली, "पी, बाई." ती पीत होती आणि रडत होती, एवढं पाणी कुठून येत होतं कोण जाणे. आणि मग बघत बसायचं. आधी लंगोट ओलं झालं, तर सिस्टर टाळ्या वाजवायला लागली. मग लिंबू रडला. मग ओठ ओले झाले. मग टाळूची वाटी भरत आली. टाळू सपाट झाली, मग वर आली, मग परत ताणली, डोळे परत बुडाले. जे उतरलं म्हणून आम्ही कलिंगड कापलं होतं, ते सगळं आमच्या डोळ्यांसमोर परत चढत होतं. आणि डॉक्टर म्हणत होते, छान, छान. मला तर काही कळेना, यातलं काय खरं आणि काय स्वप्न.

दादा बाहेर व्हरांड्यात बसायचा. आत बायकाच राहू शकत होत्या. जाळीतून बघायचा. शिंपीण वहिनीला म्हणाली, "अगं, बाप आहे. चुकला. चार शब्द बोल."

"चुकला असता तर बोलले असते," वहिनी म्हणाली. "हे म्हणाले डॉक्टरनं सांगितलंय. डॉक्टरचं नाव घेऊन माझ्याकडून पोराला उपाशी ठेवलं. खोटं बोलले ते."

"आणि खरंच डॉक्टरनं सांगितलं असेल तर?"

"मग तर मी पोराला उचलून आत्ता घरी जाईन. असं सांगणाऱ्याच्या हातात त्याचं डोकं देईन का मी? विळीनं कापलेलं बरं."

मी तिथेच चुंबळीत कापूस भरत होते. बोटाला सुई लागली तरी मी आवाज केला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बगळा आला. त्याची शेवटची ऑपरेशनं, संध्याकाळी तो जाणार. लिंबूसाठी नळी होती, तेवढी एकच उरलेली होती, सिस्टरनं ती फडक्यात गुंडाळून वेगळी ठेवली होती. डोक्यातून निघून कानामागून, मानेवरून, कातडीच्या खालून पोटात जाते ती, पाणी तिकडे उतरतं. लिंबूचं डोकं भादरलेलं, सिस्टरनं पुसून घेतलेलं. वहिनी त्याला घेऊन ऑपरेशनच्या दारापर्यंत आली. मी मागे. दादाला पण येऊ दिलं होतं, तो भिंतीला धरून उभा. दार उघडं होतं. आत हिरवट उजेड, कुठेतरी पाणी उकळत होतं, भांड्यांचा आवाज येत होता. बगळ्यानं दोन्ही हात पुढे केले. आणि वहिनीनं लिंबूला घट्ट धरलंय हे बघून तो हसला, आणि म्हणाला,

"घाबरू नका, बाई. तुमची वाडी आहे ना? जास्तीच्या पाण्याला चर काढून देता की नाही? बस, तेच करायचंय आपल्याला."

वहिनीचे हात पुढे गेले होते. ते थांबले.

"काय म्हणालात?"

"चर. चर काढून देतो आपण, तसं."

वहिनी वळली. दादाकडे नाही, माझ्याकडे. लिंबूला तिनं परत छातीशी घेतलं होतं. म्हणाली, अगदी हळू, "वन्सं. तुम्ही होतात ना त्या दिवशी आत. हे डॉक्टर असंच बोलले होते का? पाणी तोडायचं, असं हेच म्हणाले होते का?"

बगळा माझ्याकडे बघत होता, भुवया वर करून, काही न कळून. सिस्टर दारात, हातात ते फडकं. दादा भिंतीपाशी. त्यानं भिंतीवरचा हात काढला होता. आणि गं, त्याच्या तोंडावर काय होतं सांगू? आशा. तीन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी योग्य प्रश्न योग्य माणसाला विचारला होता. त्याची चिमणी. हिच्या पोटात काही राहत नाही, ही सांगणारच.

आणि वहिनीचा एक पाय मागे गेलेला मला दिसला. बाहेरच्या दाराकडे. लिंबूचे डोळे तसेच, अर्धे बुडालेले, मधल्या कुठल्यातरी हवेकडे बघत.

मी म्हणाले, "नाही, वहिनी. डॉक्टर असं काही म्हणाले नाहीत. दादानं आपल्याच मनानं केलं."

वहिनीनं श्वास सोडला. आणि लिंबूला बगळ्याच्या हातात दिलं.

दार बंद झालं.

मी बराच वेळ दादाकडे बघितलं नाही. बघितलं तेव्हा तो बाकावर बसला होता, हात गुडघ्यांत. मी जवळ गेले. तो सरकला, मला जागा केली. बस, एवढंच. मी काहीतरी बोलणार, तर म्हणाला, "बडबड नको, चिमणे." आवाज तसाच, झिऱ्यातून येतो तसा.

लिंबू वाचला. तुला माहीतच आहे, तू बघितलंयस त्याला. डोकं मोठंच राहिलं, पण वाढायचं थांबलं, आणि डोळे हळूहळू वर आले. पहिल्यांदा त्यानं नीट, सरळ बघितलं ते शिंपिणीकडे, तर ती म्हणाली, "काय बघतोस रे, टाके मोजतोस का?" पण त्या ऑपरेशनच्या दिवशी, संध्याकाळी निघताना बगळा मुद्दाम व्हरांड्यात आला. बॅग खांद्यावर. दादापाशी थांबला, घुटमळला. म्हणाला, "त्या बाई काय विचारत होत्या... मी तुम्हाला असं काही बोललो होतो का हो? पहिल्या वेळी?"

वहिनी जाळीपलीकडे, शेजारीच होती, लिंबूला घेऊन. टाके ओले होते, अजून सात-आठ दिवस तिथेच राहायचं होतं.

दादा उभा राहिला. म्हणाला, "नाही हो, डॉक्टर. सारखा झिऱ्यात उतरतो ना मी. माझ्याच कानात पाणी गेलं असेल."

सगळे हसले. बगळा पण हसला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

आता वहिनी बोलते दादाशी. व्यवस्थित बोलते. पण दवाखान्यात जायचं झालं की म्हणते, "यांना नको आत. यांच्या कानात पाणी असतं." बाजारात, टेंपोत, कुणासमोरही म्हणते. लोक हसतात, शेजारचा म्हातारा तर पोट धरून हसतो. दादा पण हसतो. फक्त तेव्हा तो माझ्याकडे बघत नाही. इकडे बघतो, तिकडे बघतो, वेलांकडे बघतो.

मला वाटतं वहिनीला सांगावं. मग वाटतं, नळी कधी अडकली तर परत त्याच बगळ्याकडे जायचंय, दुसरा आहे कोण? मग वाटतं, दादाला निदान मी एकटीनं तरी... पण काय बोलू? त्याला माहीत आहे मला माहीत आहे.

नाही, तू आता बोल. दार उघडं आहे. बगळ्याचे हात पुढे आलेले आहेत. वहिनी तुझ्याकडे बघतेय, तिचा एक पाय मागे, आणि भिंतीपाशी तुझा भाऊ तुझ्याकडे बघतोय, तसा. लवकर सांग, मला पण तेवढाच वेळ होता. तू काय म्हणाली असतीस?